पत आणि ऐपत : पहिल्या घरासाठी कर्ज मागताना

मराठीत ऐपत आणि पत हे दोन शब्द एकमेकांच्या शेजारी नांदतात, परंतु त्यांचा अर्थ एक नव्हे. ऐपत म्हणजे पैसे देण्याची शक्ती; पत म्हणजे हा मनुष्य घेतलेले पैसे परत करील, असा इतरांना वाटणारा भरवसा. ऐपत असून पत नसलेली माणसे प्रत्येक बाजारपेठेत आढळतात, आणि ऐपत बेताची असूनही ज्यांच्या शब्दावर दुकानदार महिनाभर माल उधार देतो अशीही माणसे असतात. इंग्रजीतील ‘क्रेडिट’ या शब्दाचे भाषांतर करताना हा भेद सतत लक्षात ठेवावा लागतो. गृहकर्ज देणारी बँक अर्जदाराचे उत्पन्न पाहते तेव्हा ती ऐपत मोजत असते. त्याच्या मागील कर्जांच्या परतफेडीचा इतिहास पाहते तेव्हा पत. ऐपतीचा पुरावा पगाराच्या चिठ्ठीने देता येतो. पतीला एकदा डाग लागला की मात्र तो समजावून सांगावा लागतो, आणि तो कसा सांगावा हे पहिल्यांदाच घर घेणाऱ्या माणसाला बहुधा कोणी शिकविलेले नसते.

पूर्वी पतीचा निवाडा ओळखीवर होत असे. गावच्या सावकाराला कुळाचा तीन पिढ्यांचा इतिहास तोंडपाठ असे. बँकांच्या काळात त्याची जागा मालकाच्या दाखल्याने आणि जामिनांच्या सह्यांनी घेतली. परंतु एका शहरात कर्ज बुडवून दुसऱ्या शहरात नवे कर्ज काढणाऱ्याला पकडण्याचे साधन बँकांपाशी नव्हते. यास्तव २००० साली मुंबईत ‘सिबिल’ या नावाने प्रसिद्ध असलेली संस्था स्थापन झाली. पुढे २००५ साली संसदेने पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा संमत केला. आज देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क. कर्ज देणारी प्रत्येक बँक व वित्तसंस्था या चारही कंपन्यांची सभासद असते आणि आपल्या ऋणकोंची माहिती त्यांच्याकडे नियमाने पाठविते. त्यावरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यानचा एक गुणांक काढला जातो. लोक बोलताना त्यालाच ‘सिबिल’ म्हणतात. एका कंपनीचे नाव साऱ्या व्यवहाराला पडावे हे आपल्याकडे नवीन नाही.

गुणांकाविषयी सामान्य अर्जदाराला वाटणारी धास्ती काहीशी चुकीच्या जागी असते. गुणांक हा निष्कर्ष होय, पुरावा नव्हे. पुरावा असतो तो अहवालात. त्यात प्रत्येक कर्जखात्यासाठी महिनावार चौकटी असतात आणि त्या महिन्याच्या अखेरीस हप्ता किती दिवस थकला होता, हा आकडा त्या चौकटीत लिहिलेला असतो. शून्य असेल तर काही थकलेले नाही. थकबाकीचे दिवस ९० पर्यंत पोहोचले की बँकेच्या हिशोबात ते खाते अनुत्पादक ठरते, आणि तेथून प्रकरणाचे स्वरूपच बदलते. म्हणून कर्ज-अधिकाऱ्याच्या दृष्टीने २५ दिवसांचा विलंब, ८७ दिवसांचा विलंब आणि १२० दिवसांचा विलंब या एकाच दोषाच्या तीन पायऱ्या नव्हेत. पहिल्या दोहोंना तो अडचण म्हणेल, तिसऱ्यास थकीत कर्ज म्हणेल. अर्जदाराने खुलासा लिहिण्यापूर्वी आपण कोणत्या बाजूला उभे आहोत हे स्वतः पाहून घेतले पाहिजे.

हे पाहणे खर्चाचे नाही. जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने दर वर्षी एक पूर्ण अहवाल, गुणांकासह, मागणाऱ्यास विनामूल्य दिला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कंपन्या चार असल्याने वर्षातून चार अहवाल मिळू शकतात. आपला अहवाल आपणच पाहिल्याने गुणांक घटतो ही समजूत निराधार आहे. तो घटू शकतो तो अनेक बँकांकडे एकाच वेळी अर्ज टाकल्याने. कारण प्रत्येक बँकेने केलेली चौकशी अहवालात नोंदली जाते, आणि पाठोपाठच्या चौकश्या गरजू, किंबहुना अगतिक, माणसाचे चित्र उभे करतात. एका बँकेने नकार दिला म्हणून त्याच आठवड्यात पाच दारे ठोठावणारा अर्जदार स्वतःचेच नुकसान करून घेतो.

येथे काळाचा मुद्दा येतो, आणि तो या सर्व प्रकरणात सर्वांत महाग पडणारा आहे. पुष्कळ कुटुंबे आधी घर पसंत करतात, विक्रेत्याला इसार देतात, इसारपावती करतात आणि मग बँकेत जातात. कर्ज मंजूर झाले नाही तर इसाराची रक्कम धोक्यात येते. करारात उलट अट नसेल तर विक्रेता ती परत करण्यास सहसा खळखळ करतो. नव्या बांधकामाच्या बाबतीत २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने एवढे संरक्षण दिले आहे की नोंदणीकृत करार होण्यापूर्वी प्रवर्तकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. पण ४० लाखांच्या सदनिकेचे दहा टक्के म्हणजे चार लाख. मध्यमवर्गीय घरातील ती कित्येक वर्षांची शिल्लक असते. शिवाय बँक पूर्ण किंमत देत नाहीच. ३० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी मालमत्तेच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरील कर्जासाठी ७५ टक्क्यांपर्यंत अशी मर्यादा आहे. उरलेली रक्कम, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च घरातूनच उभारावा लागतो. म्हणून अहवाल इसारापूर्वी पाहावा, नंतर नव्हे; आणि शक्य असेल तर कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत मिळेल अशी अट पावतीत लिहून घ्यावी.

अहवालात प्रतिकूल नोंद दिसली तर पहिला प्रश्न : ती खरी आहे काय? चुकीच्या नोंदीचा खुलासा करत बसण्यात अर्थ नसतो. ती दुरुस्त करून घ्यावयाची असते. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर चढणे, फिटलेले कर्ज चालू दिसणे, हे प्रकार नेहमीचे आहेत. १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात महासाथीमुळे रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती, आणि ती सवलत घेतलेल्या ऋणकोच्या त्या काळातील न भरलेल्या हप्त्यांची नोंद थकबाकी म्हणून होऊ नये असेही सांगितले होते. या महिन्यांच्या चौकटींत आकडे दिसत असतील तर सवलत मंजूर झाल्याचे पत्र शोधून तक्रार करावी. तक्रार पतमाहिती कंपनीकडे किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेकडे करता येते, आणि तिचा निकाल ३० दिवसांत लागला पाहिजे. २६ एप्रिल २०२४ पासून असा नियम अमलात आहे की ही मुदत उलटल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी तक्रारदाराला १०० रुपये भरपाई द्यावी. रक्कम लहान आहे, पण तिच्यामुळे तक्रारीची तारीख कागदावर राहण्याला महत्त्व आले आहे. दुरुस्तीची मागणी फेटाळली तर तिचे कारण संस्थेने कळविलेच पाहिजे.

आता खऱ्या नोंदींकडे वळू. आपल्या देशात पहिल्यांदा घर घेणाऱ्यांच्या अहवालात जे डाग दिसतात, त्यांत एक मोठा भाग जामीनकीचा आहे. चुलतभावाच्या धंद्यासाठी, मेहुण्याच्या ट्रकसाठी, सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नासाठी ‘नुसती सही’ केलेली असते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामिनाचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते. बँकेने आधी ऋणकोकडे वसुली करून थकल्यावरच जामिनाकडे यावे असा नियम नाही. ते कर्ज जामिनाच्या अहवालातही दिसते. सहीला नकार देणे आपल्या नातेसंबंधांत कठीण असते हे कर्ज-अधिकाऱ्यालाही ठाऊक असते, कारण तोही याच समाजात राहतो. तथापि ‘कर्ज माझे नव्हतेच’ हा खुलासा कायद्याने चुकीचा आणि व्यवहाराने निरुपयोगी आहे. त्याऐवजी मूळ कर्ज केवढे, आज बाकी किती, जामीन म्हणून आपण काही भरले काय, आणि उरलेली बाकी कोण व केव्हा फेडणार, हे सांगितले तर अधिकाऱ्याला धोक्याचा हिशोब मांडता येतो.

दुसरा नेहमीचा डाग ‘सेटल्ड’ या एका शब्दाचा. क्रेडिट कार्डाची बाकी वाढत जाते, वसुलीचे दूरध्वनी येऊ लागतात, आणि शेवटी बँक म्हणते की ८० हजारांऐवजी ३० हजार द्या, प्रकरण मिटवू. ऋणकोला वाटते कर्ज फिटले. बँकेच्या भाषेत ते फिटलेले नसून मिटविलेले असते, म्हणजे ५० हजार तिने सोडून दिलेले असतात, आणि अहवालात तसे लिहिले जाते. गृहकर्जाच्या अधिकाऱ्याला हा शब्द दीर्घ विलंबाहूनही अधिक खुपतो. कारण उशिरा का होईना पैसे देणारा एक, आणि काही पैसे न देताच सुटलेला दुसरा. ज्यांना शक्य असेल त्यांनी त्या बँकेला उरलेली रक्कम भरून, थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन, नोंद ‘पूर्ण फेड’ अशी बदलून घेणे हाच येथे उत्तम खुलासा होय. नोंदी किमान सात वर्षे जतन केल्या जातात, त्यामुळे विसर पडण्याची वाट पाहणे व्यवहार्य नाही.

खुलाशाचे पत्र कसे असावे हे नियमांपेक्षा नमुन्यावरून चांगले कळेल. समजा, एका स्त्रीने दुचाकी वाहनासाठी कर्ज घेतले होते, हप्ता दरमहा ५ तारखेस ३,१५० रुपयांचा होता, आणि तिच्या अहवालात २०२१ सालच्या जून, जुलै व ऑगस्ट या महिन्यांपुढे अनुक्रमे २५, ५६ व ८७ हे आकडे आहेत. तिने असे लिहावे :

‘महोदय, माझ्या पतमाहिती अहवालात दुचाकी कर्जाच्या खात्यावर जून ते ऑगस्ट २०२१ या काळातील विलंब नोंदलेला आहे. ही नोंद बरोबर आहे. मी ज्या खाजगी शिकवणीवर्गात लेखनिक होते तो मे २०२१ मध्ये बंद पडला व माझे उत्पन्न थांबले. २ ऑगस्ट २०२१ रोजी मी सध्याच्या नोकरीत रुजू झाले. त्या महिन्याचा पगार ३१ तारखेस हाती येताच १ सप्टेंबर रोजी तिन्ही हप्त्यांचे ९,४५० रुपये व दंडाची रक्कम मी भरली. त्यापैकी ४,००० रुपये माझ्या भावाने दिले होते. त्यानंतर मार्च २०२३ मध्ये कर्ज पूर्ण फिटेपर्यंत एकही हप्ता चुकलेला नाही. आज माझ्या नावावर अन्य कर्ज नाही. नियोजित गृहकर्जाच्या चार हप्त्यांइतकी रक्कम मी मुदत ठेवीत वेगळी ठेवली आहे. सोबत जुन्या मालकाचे सेवासमाप्तीचे पत्र, नव्या नोकरीचे नेमणूकपत्र, सप्टेंबर २०२१ चा बँकेचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला आणि ठेवीची पावती यांच्या प्रती जोडल्या आहेत.’

पत्रात अलंकार नाही, विनवणी नाही. ‘ही नोंद बरोबर आहे’ हे चार शब्द पहिल्याच परिच्छेदात आल्याने अधिकाऱ्याला वाद घालावा लागत नाही, आणि जो खरे कबूल करतो त्याच्या पुढच्या विधानांवर विश्वास ठेवणे सोपे जाते. भावाच्या चार हजारांचा उल्लेख संकोचाने गाळण्याचा मोह झाला असता. पण बँकेच्या उताऱ्यात ती जमा रक्कम दिसणारच, आणि न सांगितलेली गोष्ट सापडली तर सांगितलेल्या गोष्टीही संशयास्पद होतात. कारण, त्याचा आरंभ, त्याचा शेवट आणि पैसे भरल्याची तारीख यांचा क्रम एकमेकांशी जुळतो. सर्वांत मोलाचे वाक्य मात्र चार हप्त्यांच्या ठेवीचे आहे. अधिकारी मागील दुर्दैवाची चौकशी करतो ती सहानुभूतीसाठी नव्हे. तसेच दुर्दैव वीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत पुन्हा आले तर काय होईल, हे त्याला आपल्या वरिष्ठांपुढे लिहावयाचे असते. उत्तर अर्जदारानेच दिले तर त्याचे अर्धे काम होते.

आजारपण हे कारण असल्यास रोगाचे वर्णन नको. रुग्णालयाची देयके आणि तारखा पुरेत. कौटुंबिक कलहाच्या बाबतीतही तेच. न्यायालयाच्या आदेशाची प्रत जोडावी, कोणी कोणाला काय म्हटले हे सोडून द्यावे. आणि कारण जर केवळ निष्काळजीपणाचे असेल, उदाहरणार्थ गाव बदलल्यामुळे कार्डाचे वार्षिक शुल्क थकले, तर तसेच लिहावे. पाचशे रुपयांच्या थकबाकीसाठी मोठे संकट रचणारे पत्र वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते. पगाराचा उतारा, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यातील भरणा आणि आयकर खात्याची कागदपत्रे शेजारी ठेवली की बंद न पडलेली नोकरी बंद पडली असे सांगणे तासभरही टिकत नाही. गुणांक ‘सुधारून’ देण्याचे पैसे मागणाऱ्या मध्यस्थांविषयी एवढेच सांगणे पुरे की खरी नोंद पुसण्याचा अधिकार त्यांच्यापाशी नसतो, आणि खोटी नोंद दुरुस्त करणे कोणालाही विनामूल्य करता येते.

अशा खुलाशाची प्रथा अमेरिकेत अधिक रुळलेली आहे. तेथे घरासाठी तारणकर्ज मागणाऱ्याकडून असे पत्र मागविणे हा कर्जाच्या छाननीतील नित्याचा भाग समजला जातो. १९७० च्या तेथील पतअहवाल कायद्याने बहुतेक प्रतिकूल नोंदी सात वर्षांनंतर आणि दिवाळखोरीची नोंद दहा वर्षांनंतर अहवालात देण्यास मनाई केली आहे. तसेच नोंदीविषयीचा वाद मिटला नाही तर ग्राहकाला आपले छोटेसे निवेदन अहवालाला जोडता येते. आपल्याकडे असे पत्र बँक मागेलच असे नाही. शाखेतील कनिष्ठ कर्मचारी कित्येकदा गुणांक पाहूनच मान हलवितो. पण पत्र मागितले नाही म्हणून देऊ नये असा नियम नाही. अर्जासोबतच ते लेखी द्यावे व पोच घ्यावी. तोंडी सांगितलेली हकीकत मंजुरी देणाऱ्या दूरच्या कार्यालयापर्यंत पोहोचत नाही.

ज्यांनी कधी कर्जच घेतले नाही त्यांची अडचण निराळी. त्यांची पत वाईट नसते, ती लिहिलेलीच नसते. आयुष्यभर उधारी टाळणाऱ्या गृहस्थाला ‘तुमचा इतिहास नाही’ म्हणून परत पाठवावे, यात विनोद आहे खरा. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मधील निर्देशांत सांगितले आहे की प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पतइतिहास नाही या कारणाने फेटाळू नये. अशा अर्जदाराने घरभाडे, विमा आणि आवर्ती ठेव यांच्या नियमित भरण्याचे उतारे खुलाशाच्या जागी जोडावेत.

एवढे करूनही नकार आला तर त्याची कारणे लेखी मागावीत. अर्ज फेटाळण्याची मुख्य कारणे बँकेने लेखी कळविली पाहिजेत हा रिझर्व्ह बँकेचा जुना दंडक आहे, पण न मागता तो क्वचितच पाळला जातो. बँकेकडे केलेल्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत. गृहवित्त कंपनी असेल तर राष्ट्रीय आवास बँकेकडे. मात्र लोकपाल हा कर्ज मंजूर करून देणारा अधिकारी नव्हे. कर्ज द्यावे की न द्यावे हा बँकेचा व्यापारी निर्णय तो बदलीत नाही. नियम मोडला गेला काय, एवढेच पाहतो.

पुष्कळदा नकारही येत नाही आणि पूर्ण होकारही येत नाही. बँक कमी रक्कम किंवा थोडा अधिक व्याजदर देऊ करते. डाग ताजा असेल आणि घर हातचे जाणार असेल तर हा देकार धुडकावण्याचे कारण नाही. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास व्यक्तिगत ऋणकोकडून दंड घेता येत नाही. दोन-तीन वर्षे हप्ते बिनचूक भरले, अहवालातील चौकटींत शून्ये दिसू लागली, की त्याच बँकेकडे पत सुधारल्याच्या आधारावर दर कमी करण्याचा अर्ज करावा, आणि ती ऐकत नसेल तर दुसऱ्या बँकेकडे कर्ज हलवावे. हलविण्यापूर्वी नव्या बँकेचे छाननी शुल्क, कायदेशीर तपासणीचा खर्च आणि तारणाच्या दस्ताचा खर्च वजा जाता व्याजात खरोखर किती बचत होते, हे कागदावर मांडून पाहावे.